बोलिंग एकट्याने जमतं, रग्बी नाही

क्लब, मंडळ किंवा संस्था टिकवायची कशी, यावर कुणी लिहायला बसलं की चौथ्या-पाचव्या ओळीत रॉबर्ट पटनम यांचं 'बोलिंग अलोन' हजर होतंच. पुस्तक २००० सालचं, त्याआधीचा मूळ लेख १९९५ चा. म्हणजे जुनं झालं, पण उद्धृत करणं थांबलेलं नाही. आज या पुस्तकाबद्दल लिहितोय, पण जरा आडबाजूने. प्रश्न असा आहे : इंग्लंडमधल्या एखाद्या गावचा हौशी रग्बी क्लब शनिवारी पंधरा जण जमवू शकत नाही तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं, आणि हे पुस्तक ते समजायला कितपत उपयोगी पडतं?

रग्बीच का, हे आधी सांगतो. आपल्याकडे बहुतेकांचा या खेळाशी संबंध टीव्हीपुरता. मुंबईत पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या चिखलात तो दिसतो, तेवढंच. पण मी ज्या विषयात पीएचडी करतोय, म्हणजे छोट्या झालेल्या प्राणिसंख्यांचं गणित, त्या विषयासाठी हौशी रग्बी क्लब हे फार स्वच्छ उदाहरण आहे. त्यात एक कडक आकडा आहे : पंधरा. आणि कडक आकडा असला की पटनम यांच्या युक्तिवादातली एक फट स्पष्ट दिसते.

पुस्तक काय म्हणतं

पहिल्यांदा एक खुलासा. इथलं बोलिंग म्हणजे क्रिकेटमधली गोलंदाजी नव्हे. लाकडी पट्टीवरून जड चेंडू घरंगळवत सोडून समोरच्या दहा पिना पाडायचा तो खेळ. पटनम यांचं गाजलेलं निरीक्षण असं की, १९८० ते १९९३ या काळात अमेरिकेत बोलिंग खेळणारे साधारण १० टक्क्यांनी वाढले, पण लीगमध्ये, म्हणजे ठरलेल्या संघातून दर आठवड्याला खेळणारे ४० टक्क्यांनी घटले. खेळ वाढला, संघ आटला. इथून ते सगळ्या अमेरिकी समाजाकडे जातात. सभा, चर्चची मंडळं, पालक संघटना, कामगार संघटना, सगळीकडे माणसं कमी. या एकत्र येण्यातून जो विश्वास आणि परस्परांना मदत करण्याची सवय तयार होते, तिला ते 'सामाजिक भांडवल' म्हणतात. ते भांडवल संपत चाललंय, हा पुस्तकाचा गाभा.

कारणांची वाटणीही त्यांनी केली आहे. घसरणीचा साधारण निम्मा भाग पिढीबदलाचा : महायुद्ध पाहिलेली, संस्थांमध्ये रमणारी पिढी गेली आणि तिच्या जागी तशी पिढी आली नाही. पाव भाग टीव्हीचा. वेळेची-पैशाची ओढाताण सुमारे १० टक्के, शहरं पसरल्यामुळे वाढलेला प्रवास आणखी सुमारे १० टक्के. कारणं एकमेकांत मिसळलेली आहेत, हेही ते सांगतात.

पुस्तकातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट मात्र बोलिंगची नाही. वहीत नाव असलेला सदस्य आणि खरोखर काम करणारा सदस्य हा फरक पटनम काटेकोरपणे करतात. १९७३ ते १९९४ या काळात स्थानिक संस्थेत एखादं पद किंवा समितीचं काम सांभाळणाऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली, हा त्यांनी दिलेला आकडा माझ्या मते शीर्षकातल्या बोलिंगपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. कारण क्लब सदस्यसंख्येवर चालत नाही. मैदानावर पांढऱ्या रेघा मारणारा, जर्सी धुवायला नेणारा, हिशेब ठेवणारा, सामने ठरवणारा, प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभा राहणारा, लहान मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणारा, अशा दहा-बारा जणांवर तो चालतो. आपल्या भाषेत कार्यकर्ते.

फट कुठे आहे

बोलिंग एकट्याला खेळता येतं. लीग मोडली तरी खेळ उरतो. (पटनम स्वतःच मान्य करतात की 'एकट्याने' हा शब्द काव्यात्मक सवलत घेऊन वापरलाय, लोक घरच्यांबरोबर, मित्रांबरोबर खेळतातच.) म्हणून बोलिंगची घसरण आलेखावर हळूहळू उतरणाऱ्या रेषेसारखी दिसते. पुस्तकभर अशाच उतरत्या रेषा आहेत. वाचकाच्या मनात चित्र तयार होतं ते असं, की संस्था हळूहळू रोडावतात.

रग्बी संघ तसा रोडावत नाही. तो बराच काळ ठीक दिसतो आणि मग एका हंगामात कोसळतो.

हे साध्या गणिताने दाखवता येतं. समजा प्रत्येक खेळाडू एखाद्या शनिवारी येण्याची शक्यता ७५ टक्के आहे. नोकरी, दुखापत, घरचं लग्न वगैरे धरून हा आकडा मी सोयीसाठी घेतलाय. आता पंधरा किंवा त्याहून जास्त जण हजर असण्याची शक्यता किती?

यादीत २५ जण असतील तर सुमारे ९७ टक्के.
यादीत २२ जण असतील तर सुमारे ८४ टक्के.
यादीत १९ जण असतील तर सुमारे ४७ टक्के.

बघा, २५ वरून २२ वर आलो तेव्हा फारसं काही जाणवलं नाही. तेवढेच तीन जण पुन्हा कमी झाले आणि जवळपास दर दुसरा सामना अडचणीत आला. खेळाडू सहाच कमी झाले, पण क्लबचं रूपच बदललं. प्रत्यक्षात स्थिती याहून वाईट असते, कारण माणसं सुटी सुटी गैरहजर राहत नाहीत. एकाच्या लग्नाला चार जातात.

त्यात रग्बीची आणखी एक अट. स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण एकमेकांना भिडून ढकलतात, आणि पुढच्या रांगेतल्या तिघांच्या मानेवर मोठा भार येतो. तिथे प्रशिक्षण नसलेला माणूस उभा करणं धोक्याचं, म्हणून नियमच आहे की पुढच्या रांगेसाठी तयार असलेले ठराविक खेळाडू संघात हवेत. २३ जणांच्या पूर्ण संघात असे सहा. ते नसतील तर स्क्रम नुसता लावायचा, ढकलायचं नाही. म्हणजे वीस जण जमले आणि त्यात पुढच्या रांगेचा एकच असला तर सामना होईल, पण अर्धामुर्धा.

आमच्या विषयात याला ॲली परिणाम म्हणतात. शिकागोचे प्राणिशास्त्रज्ञ वॉर्डर क्लाइड ॲली यांनी १९३० च्या दशकात दाखवलं की चांदीचे सूक्ष्म कण मिसळलेल्या विषारी पाण्यात एकटा गोल्डफिश लवकर मरतो, पण दहा जण एकत्र असले तर जास्त वेळ तग धरतात, कारण सगळ्यांच्या अंगातून निघणारा चिकट स्राव मिळून ते विष खाली बसवतो. नेहमीचं गणित सांगतं, की प्राणी कमी झाले तर उरलेल्यांना अन्न-जागा जास्त मिळते आणि संख्या सावरते. ॲली परिणामात उलटं होतं : संख्या एका उंबरठ्याखाली गेली की उरलेल्यांचंही जगणं कठीण होतं आणि घसरण स्वतःलाच ढकलत नेते.

क्लबमध्ये हेच. तेरा जण जमले, सामना रद्द झाला, समोरच्या संघाला फुकटचा विजय मिळाला. त्या दिवशी नुकसान कुणाचं झालं? न आलेल्यांचं नाही. जे तेरा जण कामं बाजूला सारून आले होते त्यांचं. असं तीनदा घडलं की त्यांच्यातले दोघे शेजारच्या क्लबात जातात. क्लब सोडतात ते सगळ्यात निष्ठावान लोक, आणि तेही निष्ठा कमी झाली म्हणून नाही. 'नवी पिढी आळशी आहे' या निदानात हे कुठेच बसत नाही. पटनम यांच्या निम्म्या-पाव वाटणीतही बसत नाही, कारण ती वाटणी माणसांच्या स्वभावाची आणि सवयींची आहे, उंबरठ्याची नाही.

टीव्ही नव्हता तेव्हाही

पिढी आणि टीव्हीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी कलकत्त्याचं उदाहरण बघावं. १८७२ च्या नाताळात तिथल्या ब्रिटिशांनी रग्बीचा सामना खेळला आणि १८७३ च्या सुरुवातीला कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. सुरुवातीला गर्दी चांगली होती. पुढे क्लबातली फुकट दारू बंद झाली, खेळाडू पुरवणारी पलटण दुसरीकडे हलली, पोलो आणि टेनिसने माणसं ओढून नेली. पाचेक वर्षांत, १८७८ मध्ये, क्लब गुंडाळावा लागला. खात्यात उरलेले चांदीचे रुपये वितळवून सदस्यांनी एक चषक घडवून घेतला; मुठींच्या जागी तीन नाग आणि झाकणावर हत्ती. तो त्यांनी इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. १८७९ पासून इंग्लंड-स्कॉटलंड सामना या 'कलकत्ता कप'साठी खेळला जातो.

रग्बीतली इतकी मानाची वस्तू म्हणजे खेळाडूंची भरती थांबलेल्या एका हौशी क्लबची उरलेली शिल्लक आहे. आणि त्या क्लबच्या मरणात आजच्या क्लबांना ओळखीची तिन्ही कारणं आहेत : भरतीचा एकच मोठा स्रोत अचानक बंद होणं, थांबण्याचं सामाजिक आमिष जाणं, आणि थोड्या माणसांत होणारे खेळ शेजारी असणं. टेनिसला चारच माणसं लागतात, हा योगायोग नाही.

'नवे खेळाडू आणा' एवढं पुरत नाही

क्लब अडचणीत आला की पहिला उपाय ठरलेला : भरती मोहीम. पोस्टर, शाळांमध्ये फेऱ्या, मोफत सराव. हे वाईट नाही, पण गणित बघा. क्लबात साधारण किती खेळाडू असतील? दरवर्षी येणारे नवे, गुणिले एक जण सरासरी किती वर्षं टिकतो. तीस खेळाडू हवेत आणि माणूस तीन वर्षं टिकतो, तर दरवर्षी दहा नवे लागतील. सहा वर्षं टिकला तर पाचच. दोन्ही क्लबांत मैदानावर तीसच जण दिसतील, पण आतून ते वेगळे क्लब आहेत. पहिल्यात कुणीच पुरेसं जुनं होत नाही. आणि कार्यकर्ते येतात ते जुन्यांमधूनच : गुडघा गेल्यावर प्रशिक्षक झालेला, किंवा मुलाला रविवारी सकाळी लहानांच्या सरावाला आणता आणता शिट्टी हातात घेतलेला पालक. आजचा खेळाडू किंवा आजच्या सात वर्षांच्या मुलाची आई हा दहा वर्षांनंतरचा खजिनदार आहे. टिकण्याची वर्षं कमी झाली की कार्यकर्ते आज नाही, दहा वर्षांनी संपतात. तोपर्यंत कारण कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

कासवांच्या संवर्धनात हाच धडा १९८७ मध्ये मिळाला. क्राउस, क्राउडर आणि कॅसवेल यांनी लॉगरहेड जातीच्या समुद्री कासवांचं टप्प्याटप्प्याचं गणित मांडलं. निष्कर्ष असा होता की किनाऱ्यावरची अंडी शंभर टक्के वाचवली तरी तेवढ्याने संख्या सावरणार नाही. मोठी होत असलेली कासवं कोळंबीच्या जाळ्यांत मरताहेत, ती वाचवली तर फरक पडेल. वेळासला पिल्लं समुद्रात सोडतानाचा आनंद ज्यांनी घेतलाय त्यांना हे ऐकून थोडं वाईट वाटेल. अंड्यांचं काम निरर्थक नाही, पण अपुरं आहे. भरती मोहीम ही क्लबची अंडी आहेत. मोजायला सोपी, फोटो काढायला छान.

एक ताजं उदाहरण. सप्टेंबर २०२५ मध्ये महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना लंडनमध्ये ८१,८८५ प्रेक्षकांसमोर झाला आणि इंग्लंड जिंकलं. अशा विजयानंतर मुली क्लबच्या दाराशी येतात. पण त्या दिवशी मैदानावर किती प्रशिक्षक आहेत, मुलींसाठी वेगळी बदलायची खोली आहे का, पडताळणी झालेला मोठा माणूस हजर आहे का, यावर ठरतं की त्या दुसऱ्या रविवारी येतील का. भरती ही क्षमतेवर अडते आणि क्षमता म्हणजे कार्यकर्ते.

मग काय चालतं

उंबरठ्यामुळे मरण येत असेल तर एक सरळ उपाय आहे : उंबरठाच खाली आणा. हे रग्बीने एकदा करून दाखवलंय. १८८३ मध्ये स्कॉटलंडच्या मेलरोझ गावातल्या क्लबला पैशांची चणचण होती. एका दुपारी पंधरा-पंधराचे अनेक सामने लावणं शक्य नव्हतं, म्हणून नेड हेग या खाटकाच्या डोक्यातून सात-सात जणांचे छोटे सामने निघाले. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये दिसणारी सेव्हन्स ती हीच. एका गावच्या क्लबची वर्गणी जमवायची युक्ती!

आज इंग्लंडमध्ये खालच्या पातळीवर 'गेम ऑन' नावाची सोय आहे. दोन्ही संघांनी आधी बोलून ठरवायचं : पंधरापेक्षा कमी खेळाडू, हवे तितके बदल, गरज असेल तर ढकलाढकली नसलेले स्क्रम, पण सामना खेळायचा. मघाच्या गणितात यादीत १९ जण असताना पंधरा जमण्याची शक्यता ४७ टक्के होती. बारावर खेळायचं ठरलं तर तीच शक्यता ९२ टक्क्यांवर जाते. एकही नवा खेळाडू न आणता. 'पंधरांचा खेळ तोच खरा' म्हणणाऱ्यांना हे पटणार नाही. पण रद्द झालेला पंधरांचा सामना हा कुठलाच खेळ नसतो.

पटनम कुठे बरोबर ठरतात

इथे पुस्तकाला न्याय द्यायला हवा. उंबरठा खाली आणता येतो तो विश्वास असेल तरच. समोरचा कप्तान फोनवर 'आमचे बाराच आहेत' म्हणाला आणि तुम्ही गुण घेऊन मोकळे न होता तुमचे तीन जण बाहेर बसवले, तर ते पटनम ज्याला परस्परांची सवय म्हणतात तेच. पुढच्या महिन्यात तो तुमच्यासाठी करेल, एवढ्याच भरवशावर.

हा विश्वास मोडायला वेळ लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडच्या संघटनेने जाहीर केलं की हौशी खेळात टॅकल कमरेपर्यंतच करायचा. हेतू खरा होता, डोक्याला होणाऱ्या इजा कमी करायच्या होत्या. पण ज्यांना हा नियम दर शनिवारी फुकट राबवायचा होता, ते प्रशिक्षक, पंच आणि क्लब यांना आपल्याला विचारलंच नाही असं वाटलं. याचिका निघाली, हजारोंनी सह्या केल्या, आणि दोन आठवड्यांच्या आत संघटनेने माफी मागितली. शेवटी मर्यादा छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत ठरली. पगारी माणूस आदेश आवडला नाही तरी सोमवारी कामावर येतो. कार्यकर्ता येत नाही, आणि राजीनामाही देत नाही.

पण वेळेच्या बाबतीत पटनम यांचं बोट धरून फार लांब जाता येत नाही. ओढाताणीला त्यांनी दिलेले १० टक्के हे काही दशकांतल्या बदलाचं स्पष्टीकरण आहे. मुळात वेळ कुणाकडे असतो, याचं ते उत्तर नाही. लोक मात्र तो आकडा तसा वापरतात आणि 'वेळ हे निमित्त आहे' म्हणून मोकळे होतात. रग्बीचा इतिहास वेगळं सांगतो. १८९५ मध्ये हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब फुटून बाहेर पडले ते याच प्रश्नावर : शनिवारी खेळायला गेल्यामुळे खाणीतल्या, गिरणीतल्या कामगाराचा बुडालेला रोज भरून द्यायचा की नाही? संघटना म्हणाली, नाही. त्या फुटीतून रग्बी लीग हा वेगळा खेळ निघाला आणि उरलेली रग्बी युनियन आणखी शंभर वर्षं, १९९५ पर्यंत, अधिकृतपणे हौशी राहिली. हौस परवडणाऱ्यांची होती. पाळीत काम करणारी आई आज क्लबची सचिव होत नाही, तेव्हा तिच्यात सामाजिक भांडवल कमी पडलं असं म्हणणं सोपं आहे. सचिवपदाचं काम चार तुकड्यांत वाटून एक तुकडा तिला घरून करता येईल असं बघणं थोडं कठीण आहे, पण त्याने सचिव मिळतो.

'बोलिंग अलोन' वाचावं का? हो, जरूर. काम करणाऱ्यांची संख्या वेगळी मोजायला ते शिकवतं, आणि ती सवय दुर्मीळ आहे. फक्त त्यातल्या उतरत्या रेषा बघून 'अजून वेळ आहे' असं समजू नये. उंबरठा असलेल्या गोष्टींत परतीची वाट जाण्याच्या वाटेपेक्षा लांब असते. १९ जणांचा चालू क्लब २५ वर नेणं म्हणजे सहा माणसं शोधणं. बंद पडलेला क्लब पुन्हा उभा करायचा तर पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस जण, दहा कार्यकर्ते आणि एक मैदान एकदम लागतं, आणि मैदान तोवर बहुतेक दुसऱ्या कुणाचं झालेलं असतं. त्यामुळे समितीच्या बैठकीत 'यंदा किती नवे आले' याच्या आधी दोन प्रश्न विचारायला हवेत : तीन वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी आज किती उरले, आणि गेल्या हंगामात किती शनिवारी जेमतेम पंधरा होते?